सुरत जवळ, जळगाव लांब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या अंकात बातमी होती की जळगावच्या एमआयडीसीत कामाला माणसं मिळेनात. डाळ मिल असो, चटईचा कारखाना असो की पाइपचा, गेटावर ‘कामगार पाहिजेत’ची पाटी महिनोन्‌महिने लटकलेली असते. शेजारच्या चौकटीत एका कारखानदारांचं म्हणणं छापलं होतं: आजच्या पोरांना घाम नको, मोबाइल पाहिजे. ती चौकट वाचून माझा चहा निवला. मग म्हटलं, लिहूनच टाकू.

मी तेहतीस वर्षं एसटीत वाहक होतो. १९९१ ला लागलो, २०२४ च्या ३१ मे रोजी निवृत्त झालो. (गुरुजींनी आमच्या अख्ख्या वर्गाची जन्मतारीख एक जून टाकली होती, म्हणून आमच्या वयाची निम्मी माणसं एकाच दिवशी निरोपाचा नारळ घेतात.) कारखानदारसाहेब पोरं गेटाच्या आतून बघतात. मी ती गेटाच्या बाहेरून बघितली आहेत, पहाटे पावणेसहाला, डबा मांडीवर घेऊन पेंगताना.

आमचं गाव गिरणेच्या काठी, जळगावपासून बत्तीस किलोमीटर. हायवेच्या फाट्यापासून आत चार. गावाला मुक्कामी गाडी होती. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, मुक्कामी म्हणजे जी रात्री शेवटची येते, गावातच थांबते आणि पहाटे तिथूनच निघते. चालक-वाहक गाडीतच झोपतात, नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. नोकरीची शेवटची काही वर्षं ही गाडी माझ्याकडेच होती, म्हणजे मी माझ्याच गावी मुक्कामाला. माझं ठीक होतं, मी घरी जाऊन झोपायचो. चालक परगावचा. तो बिचारा शेवटच्या लांब सीटवर मच्छरदाणी बांधायचा.

पावणेसहाला गाडी सुटायची, सात-दहाला जळगाव स्टँड. तिथून शेअर रिक्षा अजिंठा चौफुलीला, पुढे एमआयडीसी. आठची पाळी आरामात. पाच वाजता सुटून सव्वासहाची परतीची गाडी, पावणेआठला घरी. या एका गाडीवर गावातल्या अकरा मुली कामाला जात होत्या. त्यांतल्या सहा डाळ मिलमध्ये निवडायला आणि पॅकिंगला, तीन चटईच्या कारखान्यात, एक कापडाच्या दुकानात आणि एक सीएच्या ऑफिसात टायपिंगला. मुलगे वेगळे, त्यांच्याकडे नंतर येतो.

अकरा हा आकडा मी आठवणीवर सांगत नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्याआधी या गाडीला कामावर जाणाऱ्या मुली तीन होत्या. अर्धं तिकीट झालं आणि दिवाळीपर्यंत अकरा झाल्या. मशीनवर सवलतीचं बटण किती वेळा दाबलं ते बोटाला माहीत असतं. तिकिटाचे पंचवीस रुपये वाचले म्हणून मुलगी घराबाहेर पडली, यावर कोणी हसेल. पण पंचवीस जायचे, पंचवीस यायचे, असे रोजचे पन्नास वाचतात. ज्या घरात मुलीच्या पगाराचा हिशोब आई बोटावर करते, तिथे पन्नास हा मोठा आकडा आहे. २०२५ च्या जानेवारीत भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं, तेव्हापासून वाचणारा आकडाही थोडा वाढला, पण आता तो वाचवायला गाडीच नाही.

त्यांतल्या एका मुलीबद्दल लिहितो. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. बी.कॉम. झालेली, ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या सीटवर खिडकीशी बसायची. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, त्याचा वास अख्ख्या गाडीत. रोज संध्याकाळी गावात उतरताना विचारायची, “बापू, सकाय गाडी शे ना?” सकाय म्हणजे उद्या, शे म्हणजे आहे. मी म्हणायचो, “शे ना बेटा.” तेव्हा मला वाटायचं, ही पोरगी उगाच काळजी करते. आता कळतं की तिला नोकरी मालकाने दिली होती आणि मी फक्त रोज रात्री ती एका दिवसाने वाढवून देत होतो.

मी निवृत्त झालो त्याच पावसाळ्यात मुक्कामी बंद झाली. कारण भारमान कमी. भारमान म्हणजे गाडीच्या किती सीटा किती किलोमीटर भरल्या त्याचा हिशोब. सकाळची फेरी तालुक्याच्या स्टँडपर्यंत जाईतो उभं राहायला जागा नसे. पण रात्रीची फेरी वे-बिलावर, म्हणजे वाहकाच्या सहीच्या हिशोबपत्रकावर, वेगळ्या ओळीत येते, आणि त्या ओळीत शेवटच्या बारा किलोमीटरला आठ-नऊ माणसं. मे महिन्यात शाळा-कॉलेजला सुट्टी, तेव्हा तर पाच. कागदावर रात्रीची ओळ वाईट दिसते. रात्री गाडी गावात आली नाही तर सकाळी ती गावातून सुटणार कशी, हे सांगायला वे-बिलावर रकाना नाही.

आणि आता जे लिहितो ते लिहायला मला जड जातंय. त्याच्या दोन वर्षं आधी चालक-वाहकांनी एक अर्ज केला होता. मुक्कामाच्या गावात संडास नाही, पाणी नाही, डास खातात, ग्रामपंचायत खोलीची किल्ली देत नाही, तरी मुक्काम कमी करा. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. त्या अर्जावर माझीही सही आहे. माझं घर गावातच, तरी सगळ्यांबरोबर केली. फेरी बंद करायला दोन कागद लागले असतील, तर एकावर वाहक म्हणून माझी सही होती आणि दुसऱ्यावर अर्जदार म्हणून.

आता पहिली गाडी तालुक्याहून निघून गावात सव्वाआठला येते. जळगावला पावणेदहा. आठच्या पाळीच्या मुलीला तिचा काय उपयोग?

अकरा मुलींचं काय झालं तेही सांगतो. तिघींची लग्नं झाली, त्यातली एक व्हायचीच होती, दोन घाईने झाली. दोघी जळगावात खोली घेऊन राहतात, सीएच्या ऑफिसातली त्यातलीच एक. एकीच्या भावाने स्कूटी घेऊन दिली, तिच्या मागे दुसरी बसते. उरल्या चार, आणि तिसऱ्या सीटवरची त्या चौघींतली.

तिच्या आईने मला गल्लीत गाठलं. “बापू, तुमनी गाडी गयी नि मन्ही पोरगीनं काम गयं.” मी म्हटलं, फाट्यावरून काळी-पिवळी मिळते की. तिने मला तिथेच उभ्याउभ्या हिशोब करून दाखवला. पगार दिवसाचे साडेतीनशे. एसटी असताना पन्नास रुपये जाणं-येणं, चाळीस रुपये रिक्षा, हातात दोनशे साठ. काळी-पिवळीला सवलत नाही, ती भरल्याशिवाय हलत नाही, गावातून फाट्यापर्यंत वेगळे पैसे, सगळे मिळून एकशे ऐंशी. हातात एकशे सत्तर. शिवाय पहाटे सव्वापाचला अंधारात फाट्यावर उभं राहायचं, रात्री साडेआठला परत त्याच फाट्यावर उतरायचं. आणि दिवाळीच्या दिवसांत कापूस वेचणीला किलोमागे दहा रुपये मिळतात. मुलगी हाताची चलाख असली तर तीस किलो वेचते. तीनशे रुपये, गावच्या शिवारात, दिवस मावळायच्या आत घरी. मी तेहतीस वर्षं सुट्ट्या पैशांचा हिशोब केला, मला त्यात एक रुपयाची चूक काढता आली नाही.

तर ती बी.कॉम. मुलगी दोन-अडीच महिने कापूस वेचते आणि बाकीचे महिने घरी असते. या मुलीला काम नको आहे, असं कोणी म्हणावं?

माझी पुतणी अर्थशास्त्रात एम.ए. करते. तिला मी विचारलं, अशी मुलगी सरकारच्या पाहणीत कुठे धरतात? तिचं उत्तर ऐकून मी चाट पडलो. जो काम करतो, काम शोधतो किंवा कामाला तयार आहे असं सांगतो तोच श्रमशक्तीत मोजला जातो. जी घरी बसली, शोधत नाही आणि घरकामच करते असं सांगते, ती बेरोजगारच नाही, ती मोजणीच्या बाहेर. आणि आठवड्यात एक तास जरी घरच्या शेतात बिनपगारी हात लावला, तरी साप्ताहिक हिशोबात ती कामावर आहे असं धरतात. म्हणजे आमची मुक्कामी बंद झाली त्याने बेरोजगारी वाढली नाही. कागदावर काहीच झालं नाही. २०२३-२४ च्या पाहणीत पंधरा ते एकोणतीस वयाच्या तरुणांतली बेरोजगारी १०.२ टक्के होती म्हणे, आणि बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ च्या २३.३ टक्क्यांवरून ४१.७ वर गेला. वाढला असेल, चांगली गोष्ट आहे. पण हा आकडा वर्षभराच्या हिशोबाचा, तेव्हा पाहणीवाले आमच्या गावात कधीही आले, तरी वेचणीमुळे ही मुलगी त्या ४१.७ मध्ये जाईल, डाळ मिलमध्ये असती तरी त्यातच गेली असती. आकड्याला दोन्ही सारखंच. तिला सारखं नाही.

पुतणीने आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालात आहे की २०२२ साली आपल्या देशात पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यात ३.४. लोक याचा अर्थ काढतात की शिकलेला माजतो. मला त्यात वेगळं दिसतं, कारण मी नंदुरबारकडे नोकरी केली आहे.

१९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्या सुमारास मी शहादा-धडगाव घाटात गाडीवर होतो. दिवाळी झाली की सातपुड्यातले पाडे रिकामे व्हायचे. पावरा आणि भिल्ल कुटुंबं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला, बारडोलीच्या बाजूला. सोळा-सतरा वर्षांची पोरं आईबापाबरोबर, धाकटी भावंडं कडेवर. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते, ती खाऊन झालेली असते, आता फेडायची असते. ती पोरं होळीला परत येणार म्हणजे येणार, होळी चुकवत नाहीत, आणि बरीच होळी करून पुन्हा फडावर. त्यांच्यात बेरोजगार कोण असणार? रिकामं बसायला घरात आठ दिवसांचं धान्य लागतं. पदवीधर पोराच्या घरी ते असतं, बाप दोन एकरात का होईना कापूस लावतो, म्हणून तो दोन वर्षं थांबून जागा निघायची वाट बघू शकतो. ३.४ टक्के हा आकडा बघून कोणी खूश होऊ नये.

धडगावात मी आणखी एक पाहिलं, त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. मुकादमाचा ट्रक पाड्यापर्यंत येतो. जिथे आमची गाडी जात नव्हती, डांबर संपत होतं, तिथे त्याचा ट्रक जात होता. रावेर-यावलकडे केळी कापायची टोळी असते, तिलाही पहाटे पिकअप घरापासून उचलते आणि बागेत सोडते. केळीवाल्याला मजूर मिळत नाहीत अशी तक्रार मी ऐकली आहे, पण केळी झाडावर पिकून गेली असं काही ऐकलं नाही. गाडी पाठवली की माणूस येतो.

सुरतेचं तेच. ताप्ती लाइनवरच्या कुठल्याही गावात विचारा, दर दोन घरांआड एक पोरगा सुरतेला. उधना, लिंबायत, पांडेसरा ही नावं आमच्या पोरांना जळगावच्या पेठांपेक्षा पाठ. आमच्या गावाहून कोणीतरी मोटारसायकलवर धरणगाव स्टेशनला सोडतो, गाडीत बसला की उधन्याला मावसभावाची खोली. सहा माणसं एका खोलीत, पाळी बारा तासांची, पॉवरलूमचा आवाज असा की सुट्टीवर आलेला पोरगा घरातही ओरडून बोलतो. पण त्याला रोज पहाटे पावणेसहाची गाडी लागत नाही. वर्षातून दोनदा लागते, दिवाळीला आणि लग्नसराईला. रोज जाऊन यायला जळगाव लांब, एकदाच जाऊन राहायला सुरत जवळ.

पुण्याचं थोडं वेगळं, तिथे लग्नाचा संबंध येतो. हसू नका. चाकणला सोळा हजार मिळतात, खोली आणि मेस जाऊन हातात सहा-सात उरतात. जळगावात बारा मिळाले आणि घरचं जेवण असलं तर जास्त उरतात. पण बायोडाटावर ‘पुणे, कंपनीत’ लिहिलं की पाहुणे चहा घेतात, ‘जळगाव एमआयडीसी’ लिहिलं की पाणी पिऊन उठतात. शेती करतो लिहिलं तर फोनसुद्धा येत नाही. मी स्वतः दोन पोरांच्या बैठकांना गेलो आहे, म्हणून सांगतो. ट्रॅव्हल्सची गाडी रोज रात्री जाते, भरून जाते.

आता मोबाइलवाली पोरं. आमच्या पावणेसहाच्या गाडीला हेडलाइटच्या उजेडात रस्त्याच्या कडेने पोरं पळताना दिसायची. पोलीस भरतीचा सराव. सोळाशे मीटर, मग गोळा. चालक मुद्दाम गाडी हळू करायचा, धूर पोरांच्या नाकात जाऊ नये म्हणून. हीच पोरं दिवसा पारावर मोबाइल घेऊन बसलेली दिसतात, त्यात बरीच सराव प्रश्नपत्रिका सोडवत असतात. बरीच, सगळी नाही, मीही काल जन्मलेलो नाही. २०२३ ला तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या, अर्ज दहा लाखांवर आले, फी खुल्या वर्गाला हजार आणि राखीवला नऊशे. माझ्या मुलानेही भरला होता. एका जागेमागे दोनशेहून जास्त पोरं, हे त्यालाही कळत होतं. मी त्याला म्हटलं, बाबा, तोवर जळगावात कुठेतरी लाग. तो म्हणाला, कंपनीत बारा तास उभं राहून आलो तर अभ्यास कधी करू? लागलो तर मग सुटत नाही, दादा, आणि नाही लागलो तर निदान आशा राहते. मला उत्तर सुचलं नाही. आता तो नाशिकला आहे, औषधांच्या गोदामात. मध्यंतरी सरकारच्या कार्य प्रशिक्षण योजनेत पंचायतीत बसला होता, पदवीधर म्हणून महिन्याला दहा हजार मिळाले, मुदत संपली आणि दहा हजारही संपले.

म्हणजे मुलाला थांबायला आशा आहे, जायला सुरत-पुणे आहे, गेलाबाजार हप्त्यावरची मोटारसायकल आहे. मुलीला यातलं एकही नाही. तिला एक पावणेसहाची होती.

गंमत बघा, बारावीपर्यंत तिच्यासाठी सगळं आहे. खेड्यातल्या मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास फुकट, पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाची योजना. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या खास शाळेच्या मुलींसाठी. मी त्या गाड्यांवरही ड्यूटी केली आहे, चाळीस मुली आणि त्यांचा गोंगाट, डोकं उठायचं, पण बरं वाटायचं. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फीही माफ झाली. शाळेच्या घंटेवर वेळापत्रक बसवता येतं, हे आम्ही करून दाखवलं आहे. कारखान्याच्या भोंग्यावर का बसवता येऊ नये?

कारखानदारसाहेबांवर माझा राग नाही. त्यांनी फक्त एक करावं. गेटाच्या पाटीवर पगार लिहितात, त्याखाली ‘येण्याजाण्याची सोय’ ही एक ओळ लिहावी. चार कारखान्यांनी मिळून एक गाडी करावी, फाट्याफाट्यावर थांबणारी. नाहीतर आठची पाळी दहाला करून बघावी, सव्वाआठची गाडी पकडून आमच्या मुली येतात की नाही ते दिसेल. पण मग पाळी सातला सुटणार आणि परतीची सव्वासहाची हुकणार, तेव्हा हा मार्ग मला स्वतःलाही फारसा पटत नाही. खरा मार्ग मुक्कामी परत येणं हाच.

त्यासाठी तालुक्याच्या आगारात मी दोनदा जाऊन आलो. जुने सहकारी, चहा पाजतात, म्हणतात, “बापू, मुक्कामाला कोणी तयार होत नाही, तुम्हीच तर अर्ज केला होता.” बरोबर आहे त्यांचं. म्हणून ग्रामसभेत मी विषय काढला. ग्रामपंचायतीची खोली आहे, तिच्यात सध्या फवारणीचे पंप आणि निवडणुकीच्या वेळचे बांबू आहेत. ठराव झाला, बांबू हलले नाहीत.

तेव्हा आपल्या पत्रातून जाहीर करतो. चालक-वाहकांना झोपायला माझ्या घराची रस्त्याकडची खोली मी देतो. दोन खाटा आहेत, पंखा आहे, मच्छरदाण्या मी आणल्या आहेत, संडास-बाथरूम अंगणात, पाण्याची टाकी भरलेली असते. भाडं नको. गाडी लावायला समोर मारुतीच्या पाराशेजारी जागा आहे, तिथे ती पूर्वीही लागायची. खोलीची किल्ली दाराच्या वरच्या फळीवर ठेवतो, आणि पहाटे सव्वापाचला चहा मिळेल.

आपला,
एक सेवानिवृत्त वाहक
जि. जळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)